स्टीव्ह नावाची बाई

(मीरा रोडच्या नया नगरमध्ये महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्यात मधूनमधून आलेली हिंदी वाक्यं इथे मराठीत दिली आहेत.)

मैत्रिणींनो, आपा, खाला, भाभी,

आज मला कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या एका आईविषयी बोलायचं आहे. ती आपल्या गल्लीतली नाही, इंग्लंडमधली आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी ती वारली. तिचं नाव स्टेफनी शर्ली, पण सगळे तिला ‘स्टीव्ह’ म्हणत. स्टीव्ह हे पुरुषाचं नाव. ते तिला का घ्यावं लागलं, ते पुढे सांगते.

आपल्या बाया सोडून ही कुठली परदेशी बाई, असं तुम्ही म्हणाल. कारण असं आहे की आपल्या कॉम्प्युटर वर्गातल्या बऱ्याच जणी सध्या मला एकच गोष्ट विचारताहेत, “ताई, घरबसल्या कॉम्प्युटरवर फॉर्म भरायचं काम मिळतंय, घेऊ का?” काही जणींच्या हातात करारपत्रंसुद्धा आहेत. आणि ही बाई म्हणजे घरून कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या बायकांची अख्खी कंपनी जिने साठ वर्षांपूर्वी उभी केली ती. तेव्हा तिच्याकडे नीट बघू या. तिचं काय घ्यायचं आणि काय नाही, तेही बघू या.

एक मात्र आधी सांगते. ‘घरबसल्या’ हा शब्द मला फार खटकतो. घरात बाई बसलेली तुम्ही कधी पाहिली आहे? एमएसडब्ल्यूला असताना आम्हाला कुटुंबाची माहिती भरायचे कागद देत. त्यात ‘आईचा व्यवसाय’ असा रकाना असे. दिवसाचे सहा तास इमिटेशनच्या माळा ओवणारी, शिवलेल्या कपड्यांचे धागे कापणारी बाई समोर बसलेली असायची आणि रकान्यात काय लिहिलं जायचं? ‘गृहिणी’. बाई स्वतःच तसं सांगायची. “मी काही करत नाही, घरीच असते.”

आता स्टीव्हची गोष्ट.

ती जन्मली १९३३ साली जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरात. वडील ज्यू, न्यायाधीश होते. हिटलरच्या राज्यात त्यांची नोकरी गेली, कुटुंब पळत पळत व्हिएन्नाला आलं. तिथून १९३९ च्या जुलैत आईबापांनी दोन मुलींना मुलांच्या खास गाडीत बसवून इंग्लंडला पाठवून दिलं. एक नऊ वर्षांची, दुसरी, म्हणजे आपली ही, पाच वर्षांची. अशी सुमारे दहा हजार मुलं त्या काळात इंग्लंडला नेली गेली आणि त्यांतल्या पुष्कळांना आपले आईबाप पुन्हा दिसले नाहीत. हिचे वाचले, भेटलेही, पण तुटलेलं नातं पुन्हा सांधलं नाही. एका अनोळखी जोडप्याने तिला वाढवलं आणि त्यांनाच ती आयुष्यभर आपले आईबाप मानत राहिली. घर सोडून एका रात्रीत निघणं म्हणजे काय, हे नया नगरला मी समजावून सांगायची गरज नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून इथे आलेली कितीतरी कुटुंबं आज या खोलीत आहेत.

तिला गणित फार आवडे. मुलींच्या शाळेत तेवढं गणित शिकवायची सोय नव्हती, म्हणून गणिताच्या तासाला तिला मुलांच्या शाळेत पाठवत. अठराव्या वर्षी ती नोकरीला लागली ती तिथल्या टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात. युद्धकाळात शत्रूचे गुप्त संदेश उलगडणारं ‘कोलोसस’ हे यंत्र ज्यांनी बनवलं, ते टॉमी फ्लॉवर्स तिथेच होते. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी वर्ग, असं सहा वर्षं करून तिने गणिताची पदवी घेतली. कॉम्प्युटर तिने तिथे पाहिला आणि ती त्याच्या प्रेमातच पडली. पण बढतीची वेळ आली की बाईची पायरी ठरलेली. पुढे दुसऱ्या एका कंपनीत गेली, तिथेही एका बैठकीत तिने मत दिलं तर हा तुझा प्रांत नाही असं तिला सुनावण्यात आलं.

मग १९६२ साली तिने नोकरी सोडली आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर स्वतःची कंपनी सुरू केली. भांडवल किती? सहा पौंड. कंपनीचं नाव ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’. त्या काळी कॉम्प्युटर विकत घ्यायचा आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम त्याच्याबरोबर फुकट मिळायचे. त्यामुळे नुसते प्रोग्रॅम लिहून विकणार म्हटल्यावर लोक हसले, आणि वर ते विकणार बाई म्हटल्यावर आणखी हसले. बाईला बँकेत खातं उघडायला नवऱ्याची परवानगी लागायची, तो हा काळ. आणि हे लंडनच्या देशात!

तिने कामाला कोणाला घेतलं? लग्न झालं म्हणून, पहिलं मूल झालं म्हणून नोकरी सोडून घरी असलेल्या शिकलेल्या बायकांना. हे काम घरून कसं होई, ते समजून घेण्यासारखं आहे. तेव्हा एक कॉम्प्युटर खोलीभर जागा अडवायचा, तो घरी असायचा प्रश्नच नव्हता. प्रोग्रॅम लिहायचा तो कागदावर पेन्सिलने. आधी कामाची आखणी करायची, मग एकेक सूचना छापील तक्त्यात लिहायची. ते कागद टपालाने जात, त्यावरून दुसरं कोणी पट्टीवर किंवा कार्डांवर भोकं पाडी आणि मग भाड्याने घेतलेल्या यंत्रावर तो प्रोग्रॅम चालवून बघत. म्हणजे बाईला लागायचं काय? एक टेबल, एक टेलिफोन आणि मूल झोपलेलं असताना मिळणारा निवांत तासभर.

काम मागायला तिने ढीगभर पत्रं लिहिली. खाली सही ‘स्टेफनी शर्ली’. उत्तरंच येईनात. तेव्हा नवरा म्हणाला, घरी तुला स्टीव्ह म्हणतात तीच सही कर. तशी सही केल्यावर उत्तरं यायला लागली. ती भेटीला जाऊन हस्तांदोलन करीपर्यंत समोरच्याला कळायचंच नाही की हा स्टीव्ह म्हणजे बाई आहे.

१९६३ साली तिला मुलगा झाला, जाइल्स. आता फोनवर साहेबलोकांशी बोलताना मागे मूल रडणार. म्हणून तिने एक युक्ती केली. टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप करून ठेवली. फोन वाजला की आधी टेप लावायची आणि मग फोन उचलायचा. पलीकडच्या माणसाला वाटायचं, केवढं मोठं ऑफिस आहे!

ही गोष्ट सगळे हसत हसत सांगतात, तीही सांगायची. मला मात्र त्यात हसण्याइतकंच रडण्यासारखंही दिसतं. मूल आहे हे लपवावं लागणं ही कामाची अट होती. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या मुलींनी काय केलं? वन-रूम किचनमध्ये पडदा लावून, कुकरची शिट्टी बंद करून, फोन ‘म्यूट’ करून काम केलं. टेप गेली आणि म्यूटचं बटण आलं, एवढाच काय तो फरक.

पण तिने आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला त्या टेपपेक्षा मोठी वाटते. संपूर्ण कामाची किंमत आधी ठरवून, कागदावर लिहून द्यायची. तेव्हा असं जवळजवळ कोणी करत नसे. बाई दुपारी काम करते की रात्री, किती तास करते, मांडीवर मूल घेऊन करते का, हे विचारायचा गिऱ्हाइकाला अधिकारच उरला नाही. ठरल्या दिवशी, ठरल्या पैशात काम बरोबर मिळालं की विषय संपला. कॉनकॉर्ड नावाचं आवाजापेक्षा वेगाने उडणारं विमान तुम्ही ऐकलं असेल. त्याच्या ब्लॅक बॉक्सचा प्रोग्रॅम या बायकांनी आपापल्या घरी बसून लिहिला.

पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष होते फक्त तीन. मग १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा झाला आणि गंमत अशी की त्या कायद्याने तिला फक्त बायकांना कामावर घेता येईना! पुरुषांना दार उघडावं लागलं.

आता थोडी टीकाही करू दे, नाहीतर ही आरती होईल. या बायका शिकलेल्या, मध्यमवर्गातल्या होत्या, घरात टेलिफोन असलेल्या. बहुतेकींच्या मागे नवऱ्याचा पगार होता. ‘फ्रीलान्स’ म्हणजे काम असेल तर पैसे, नसेल तर नाही. बाजार पडला की पहिला मार त्यांनाच बसणार. आणि घरून काम दिल्याने मूल सांभाळायचं ते बाईनेच, हा नियम जसाच्या तसा राहिला. नवऱ्याने अर्धा दिवस घरी थांबावं, असं त्या व्यवस्थेत कोणी म्हटलं नाही. आपल्या चळवळीत यावर पूर्वीपासून वाद आहे. काही जणी म्हणतात, घरून काम म्हणजे बाईला घरात कोंडायची नवी रीत. मला तो आक्षेप पटतो, पण जिला घराबाहेर पडायची आज परवानगीच नाही, जिच्या मुलाला सोडून जाता येत नाही, तिला ‘थांब, आधी पितृसत्ता जाऊ दे’ असं मी सांगू शकत नाही.

आणि मुलाला सोडून जाता येत नाही म्हणजे काय, ते स्टीव्हला पुरतं ठाऊक होतं.

जाइल्स गोड, शांत बाळ होता. अडीच वर्षांच्या सुमाराला त्याचं बोलणं गेलं, आणि ते परत आलं नाही. त्याला ऑटिझम होता, म्हणजे स्वमग्नता. त्या काळात डॉक्टरांनाही याची फारशी माहिती नव्हती. जी होती ती भयंकर. आई थंड आहे, आईने माया केली नाही, म्हणून मूल असं झालं, असा सिद्धान्त मोठमोठे लोक मांडत होते. अमेरिकेतल्या ब्रूनो बेटेलहाइम यांचं १९६७ सालचं पुस्तक तर त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. पुढे हा सिद्धान्त साफ खोटा ठरला, पण तोवर किती आयांनी तो छातीवर दगडासारखा वागवला असेल! आपल्याकडे पुस्तकाची गरज लागत नाही. तू गरोदरपणी काय खाल्लंस, कुठे गेली होतीस, मोबाइल बघत होतीस का, हे सासू विचारते. इथलीच एक आई मुलाला थेरपीसाठी विरार लोकलने मुंबईला घेऊन जाते. लेडीज डब्यात तो ओरडायला लागला की आपल्याच बाया तिला सुनावतात, मुलाला वळण लावा. तिने मला एकदा सांगितलं, “ताई, पुरुष नुसते बघतात, बाया बोलतात.”

जाइल्स वयात आला तसा त्याला फिट्स यायला लागल्या, तो हिंसक होऊ लागला. मुलगा, कंपनी आणि रात्रभराची जागरणं असं वर्षानुवर्षं केल्यावर स्टीव्ह कोसळली. अगदी कोसळली, तिलाच इस्पितळात ठेवावं लागलं. मुलालाही इस्पितळात ठेवावं लागलं आणि तिथे तो अकरा वर्षं राहिला. लक्षात घ्या, ही पैसा असलेली, मुलाच्या संगोपनात हात लावणारा नवरा असलेली बाई होती. तरी एकटीच्या जिवावर हे निभलं नाही. ‘आई सगळं करू शकते’ असं मातृदिनाच्या कार्डावर लिहितात ना, ते कार्ड लिहिणाऱ्याला मी जाइल्सच्या आईची ही गोष्ट वाचायला देईन.

सावरल्यावर तिने मुलाला इस्पितळातून बाहेर आणायचं ठरवलं. एक घर घेतलं, सोबतीला प्रशिक्षित माणसं नेमली. जाइल्स तिथला पहिला रहिवासी. त्यातून १९९४ मध्ये किंगवुड ही संस्था झाली. स्वमग्न माणसांनी इस्पितळात न सडता माणसांसारखं घरात राहावं म्हणून ती काम करते. नंतर स्वमग्न मुलांसाठी प्रायर्स कोर्ट नावाची शाळा निघाली, संशोधनासाठी ‘ऑटिस्टिका’ ही संस्था निघाली. जाइल्स १९९८ मध्ये फिट येऊन गेला. पस्तीस वर्षांचा होता.

आणि कंपनीचं काय झालं? इथे तिने जे केलं ते फार थोडे मालक करतात. कंपनीचे शेअर तिने हळूहळू काम करणाऱ्यांच्या नावावर करत नेले. १९९३ मध्ये ती निवृत्त झाली, १९९६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि काम करणाऱ्यांपैकी सत्तर जण दहा-दहा लाख पौंडांहून जास्तीचे धनी झाले. स्वतःकडे आलेल्या पैशांतले जवळजवळ सात कोटी पौंड तिने दान केले, बहुतेक स्वमग्नतेच्या कामासाठी आणि कॉम्प्युटरच्या शिक्षण-संशोधनासाठी. दानापेक्षा मला शेअर वाटणं मोलाचं वाटतं. दान देणारा वर राहतो आणि घेणारा खाली. शेअर मिळालेली बाई मालकीण होते.

तिच्या निवृत्तीनंतर, १९९७ मध्ये, या कंपनीने दिल्लीकडची एक भारतीय कंपनी विकत घेतली. २००१ मध्ये तिचं नाव ‘झान्सा’ झालं. नोएडा, चेन्नई, आणि आपल्या पुण्यातही तिची ऑफिसं होती. २००७ मध्ये एका फ्रेंच कंपनीने तीच विकत घेतली. म्हणजे इंग्लंडमधल्या गृहिणींच्या स्वयंपाकघरातून निघालेलं काम शेवटी आपल्या मुलामुलींच्या हातात आलं, कारण इथली मजुरी स्वस्त. हेही गोष्टीत घालायलाच हवं.

आता आपल्या करारपत्रांकडे येते. तुम्ही आणलेल्यांतली काही मी वाचली. अठ्ठ्याण्णव टक्के अचूक काम झालं तरच पैसे, नाहीतर एक रुपयाही नाही. अचूकता मोजणार कोण? तेच. आधी ‘नोंदणी’ म्हणून डिपॉझिट भरायचं. काम मुदतीत झालं नाही तर दंड. आणि मग पंधरा दिवसांनी व्हॉट्सअॅपवर वकिलाची नोटीस येते, कोर्टाचा शिक्का छापलेली, पोलीस घरी येतील अशी. बाई घाबरते, नवऱ्याला कळू नये म्हणून नाकातली चमकी विकून पैसे भरते. हे देशभर चालतं. स्टीव्हने किंमत बाईच्या बाजूने लिहिली होती, इथे ती बाईच्या गळ्याभोवती लिहिली आहे. काम देणारा तुमच्याकडून पैसे मागत असेल तर ते काम नव्हे, एवढं घट्ट धरून ठेवा. वकिलाची नोटीस म्हणजे अटकेचा हुकूम नसतो. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा फोन नंबर आहे, आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारकडून फुकट वकील मिळतो. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

कायद्याची बाजू लंगडी आहे. घरून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यासाठी अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने, इला भट यांनी जिवाचं रान केलं होतं. भारताने त्यावर अजून मान्यतेची सही केलेली नाही. ‘घरी काम करणारा कामगार’ अशी व्याख्या २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात होती, ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पण व्याख्येने दर ठरत नाही. तो आपल्याला एकत्र बसूनच ठरवावा लागेल.

आणि ज्यांची मुलं जाइल्ससारखी आहेत त्यांच्यासाठी: १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत आहे. तेव्हा मुलाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो, थेरपीसुद्धा त्यात येते. ही लाज वाटायची गोष्ट नाही. प्रमाणपत्र काढलं तर मुलीच्या बहिणीचं लग्न जमणार नाही, असं एक खाला परवा म्हणाल्या. खाला, त्यावर आपण वेगळ्या बसू, ते दोन मिनिटांत होणारं बोलणं नाही.

तर माझी सूचना अशी आहे. एकेकटीने कुठलाही करार करायचा नाही. वर्गातल्या ज्यांना काम हवंय त्या सगळ्यांचा मिळून एक गट करायचा आणि गटाच्या नावाने काम घ्यायचं. पानाचा दर आधी लिहून घ्यायचा, डिपॉझिट द्यायचं नाही, चुका कोण आणि कशा मोजणार ते कागदावर हवं. बँकेचं खातं गटाचं, सह्या दोघींच्या. आणि तीन ते सहा या वेळात पाळीपाळीने दोघींनी सगळ्यांची मुलं सांभाळायची, आणि त्या सांभाळण्याचे तास कामाचे तास म्हणून वहीत मांडायचे, त्याचेही पैसे गटातून द्यायचे. यावर काही जणींचं मत वेगळं आहे हे मला माहीत आहे. मूल सांभाळायचे कसले पैसे, असं परवा कोणीतरी म्हणालं. त्यावर आपण भांडू, मला भांडायला आवडेल.

रविवारी दुपारी तीनला इथेच भेटू. करारपत्रांचे मूळ कागद आणा, मोबाइलवरचा फोटो चालणार नाही, बारीक अक्षर वाचता येत नाही. ज्यांना नोटीस आली आहे त्यांनी आज जाण्याआधी मला भेटा, पैसे भरू नका. आणि मुलांना सोबत आणा, मागच्या खोलीत चटई टाकून ठेवली आहे.